खड्ड्याचं नाव

माझ्या नातीने त्याला 'फायर पिट' म्हटलं. शेजारच्या गुरुजींनी कुंपणावरून डोकावून विचारलं, "काय मास्तर, यज्ञकुंड बांधताय की काय?" आणि पुण्याहून आलेल्या माझ्या मुलाने अंगणात पाऊल टाकल्या टाकल्या, बूटही न काढता विचारलं, "अब्बा, ये अलावा क्यूं बनाए?" एकाच खड्ड्याला एका महिन्यात तीन नावं मिळाली. खड्डा माझा, विटा माझ्या, घामही माझाच. नाव मात्र मला काही ठेवता आलं नाही.

गोष्ट सुरू झाली गेल्या डिसेंबरात. छत्तीस वर्षं शिक्षकी केल्यावर कराडच्या बाहेर एक छोटं घर बांधून मी राहतो. मागे दीड गुंठ्याचं परस आहे. एक कडुलिंब, एक पेरू, कढीपत्ता आणि बायकोने हौसेने लावलेलं मेंदीचं कुंपण. सुटीत आलेल्या नातीने हट्ट धरला, शेकोटी करू या. आम्ही पालापाचोळा गोळा केला आणि उघड्या जमिनीवरच पेटवला. बोलण्याच्या नादात लक्ष राहिलं नाही. वाळलं गवत धरत धरत आग मेंदीपर्यंत गेली. बायकोने दोन बादल्या पाणी ओतलं, कमरेवर हात ठेवले आणि म्हणाली, "आग कू भी घर होना. ऐसी खुली छोडते क्या?"

तिचं म्हणणं खरं होतं. आगीलाही घर लागतं. ते आपणच बांधायचं असं मी ठरवलं. कारण विटा होत्या.

विटांची हकीकत वेगळी सांगायला हवी. अब्बा गवंडी होते. कृष्णाकाठच्या आमच्या गावात त्यांच्या हातच्या भिंती अजून उभ्या आहेत. आमच्या घराची मागची खोली त्यांनी १९७४ साली स्वतः बांधली. दुष्काळ नुकताच सरला होता, सिमेंट परवडत नव्हतं. विटा त्यांनी ओळखीच्या भट्टीवरून उधारीत आणल्या आणि मातीच्या गाऱ्यात बसवल्या. २०१९ च्या ऑगस्टमधल्या महापुरात पाणी चार दिवस त्या खोलीत राहिलं आणि मागची भिंत बसली. भिंत पडली, पण विटा फुटल्या नाहीत. माती विरघळून गेली आणि वीट जशी लावली होती तशी सुटी झाली. तीनशेच्या आसपास विटा मी टेम्पोत घालून आणल्या आणि पेरूखाली रचून ठेवल्या. कशासाठी आणल्या ते तेव्हा मलाही माहीत नव्हतं. अब्बांनी हाताळलेली वस्तू गाळात टाकून यायला पाय निघाला नव्हता, एवढंच.

त्याच खोलीत दोन वस्तू आणखी सापडल्या. अब्बांची थापी आणि एक कुदळ. थापी गंजली होती. कुदळ मात्र आढ्याला खोचून ठेवलेली होती, पाणी तिथवर पोचलं नव्हतं.

जागा ठरवायला मला चार संध्याकाळी लागल्या. ओला पाला एका टोपल्यात पेटवायचा, परसात निरनिराळ्या ठिकाणी ठेवायचा आणि धूर कुठे जातो ते बघत बसायचं. घरापासून बारा फूट, कडुलिंबाच्या फांद्यांबाहेर, धूर गुरुजींच्या खिडकीत जाणार नाही अशी एक जागा सापडली. मधोमध खुंटी ठोकली, तिला १८ इंचांची दोरी बांधली आणि फिरवली. तीन फुटी वर्तुळ तयार झालं. मग दोरी २७ इंचांची करून दुसरं वर्तुळ काढलं. दोन्हींच्या मधल्या नऊ इंचांत वीट आडवी बसणार, अरुंद तोंड आगीकडे करून. आतल्या वर्तुळाचा घेर ११३ इंच. विटेचं तोंड साडेचार इंच. म्हणजे एका थराला २५ विटा. पाच थर, १२५ विटा. वर्गात मुलांना परिघाचं सूत्र मी छत्तीस वर्षं शिकवलं. त्याचा मला स्वतःला उपयोग झाला तो हा एवढाच.

मग खणायला कुदळ घेतली. ती हातात आली आणि मी थोडा वेळ तसाच उभा राहिलो.

वाचकांपैकी अनेकांना सांगायला नको, पण पुण्या-मुंबईत वाढलेल्यांसाठी सांगतो. आपल्या दख्खनच्या गावांत मोहरमचा चाँद दिसला की पंजे बसतात त्या जागेसमोर एक गोल खड्डा खणतात. तो अलावा. त्यात रोज रात्री आग पेटते आणि तिच्याभोवती फेर धरून लोक 'या हुसेन' म्हणत फिरतात. त्या खड्ड्याची पहिली कुदळ मारण्याचा मान ठरलेल्या घराकडे असतो. त्याला म्हणतातच 'कुदळ मारणं'. जाफर शरीफ यांच्या 'कानून-ए-इस्लाम'मध्ये अलाव्याची आणि कुदळीची हकीकत आली आहे आणि त्या ग्रंथाचं हर्कलॉट्स यांनी केलेलं इंग्रजी भाषांतर लंडनला १८३२ साली छापलं गेलं. म्हणजे ही रीत निदान दोनशे वर्षं जुनी. आमच्या गावात हा मान आमच्या घराकडे होता. आजोबांनंतर अब्बांकडे आला. अलाव्याला लाकूड पाटलांच्या वाड्यातून यायचं, मलिद्याचा गूळ वाण्याकडून. नवस बोललेल्या बायका, कुंकू लावलेल्या आणि न लावलेल्या, सकाळी राख न्यायला सारख्याच ओट्या पसरून उभ्या राहायच्या.

१९७९ च्या नोव्हेंबरात हिजरी १४०० साल लागत होतं. मी तेवीस वर्षांचा होतो, नुकताच मास्तर झालो होतो. हमीद दलवाईंनी १९७० साली पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ काढलं, त्याचे विचार आमच्यासारख्या पोरांपर्यंत पोचले होते. मी वाचत होतो, पेटलो होतो. चाँदरातीला अब्बा अंघोळ करून, पांढरं धोतर नेसून, ही कुदळ खांद्यावर घेऊन निघाले आणि मी दारात आडवा झालो. म्हणालो, आगीभोवती नाचून कुणाचं भलं झालं? राखेने ताप उतरतो का? ह्या पैशात चार पोरांच्या वह्या आल्या असत्या. लोक जमले होते. मी आवाज चढवला होता. अब्बा काही बोलले नाहीत. त्या रात्री ते गेले, कुदळ मारून आले. पण पुढच्या वर्षी चाँदरातीला ते परगावी कामाला गेले. त्याच्या पुढच्या वर्षीही. एक-दोन वर्षं दुसऱ्या कुणी मारली. मग मुंबईहून आलेले काही तरुण म्हणू लागले, हे सगळं बिदत आहे, दीनमध्ये याला जागा नाही. माझी आणि त्यांची तोंडं दोन दिशांना होती, पण खड्डा दोघांनी मिळून एकच बुजवला. आज तिथे काँक्रीटचा रस्ता आहे.

अब्बा आपल्याला पटल्यामुळे थांबले, असं मी समजत होतो. माझ्या मनात ती माझी पहिली जीत होती. अनेक भाषणांत मी ती सांगितली आहे.

असो. खड्ड्याकडे येतो.

आमची जमीन काळी. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर बसवलेलं काहीही हलतं. म्हणून मुरूम लागेपर्यंत खणलं. सव्वा फुटावर लागला. काढलेली माती कढीपत्त्याला घातली आणि त्या जागी नवा मुरूम भरून, पाणी मारून, धुमसाने ठोकला. मधल्या भागात वर तीन इंच खडी टाकली. पावसाचं पाणी साचू नये आणि राख ओली राहू नये म्हणून. पहिला थर जमिनीबरोबर आला. दुसऱ्या थरात चार बाजूंना एकेक वीट गाळली. आगीला खालून हवा मिळाली नाही तर ती नुसती धुमसते. प्रत्येक थराचा सांधा खालच्या विटेच्या मध्यावर येईल असं बघितलं. वर्तुळात विटा आतून खेटतात, पण बाहेरून दोन-सव्वादोन इंचांची फट उरते. तिथे विटांचे तुकडे आणि गारा भरला. अब्बांची थापी घासून घेतली होती. ओळंबा लावला. छाती थोडी फुगली, हे कबूल केलं पाहिजे.

चूक एकच केली. गारा सिमेंटचा केला.

मी पंधरा दिवस पाणी मारलं, मग पेटवलं. तिसऱ्या आगीला आतल्या अंगाची एक वीट सुतळी बॉम्बसारखी फुटली. सुदैवाने नात लांब होती. बघतो तर आतले सांधेही पिठासारखे गळत होते. मी गावी गेलो आणि अब्बांच्या हाताखाली काम केलेल्या एका म्हाताऱ्या गवंड्याला गाठलं. ऐंशी ओलांडलेत, नजर मंदावली आहे. माझं ऐकून ते हसले. म्हणाले, "मास्तर, चुलीला कोण सिमिट लावतंय? तुमच्या आईनं लावलं हुतं?"

मग त्यांनी समजावलं. साधं सिमेंट जास्त तापलं की त्याच्यात धरून ठेवलेलं पाणी निघून जातं आणि त्याचा जोर जातो. माती मात्र आगीत भाजून निघते. आणि पुरात भिजलेली वीट पेरूखाली सावलीत वर्षानुवर्षं ठेवलीत तर ती ओल धरणारच. त्या ओलीची वाफ झाली की तिला जागा लागते, नाही मिळाली तर वीट फोडून बाहेर येते. म्हणूनच नदीतले गोटे आगीच्या कडेला लावायचे नाहीत. "इटा आधी उन्हात टाका तीन आठवडं," ते म्हणाले. "वारुळाची माती घ्या. चाळा. निम्मी वाळू, मूठमूठ गव्हाचा भुसा. दोन दिस भिजत घाला, पायानं तुडवा. सांधा पेरापेक्षा जाड नको. तुमच्या वडलांचा सांधा बघितलाय का कधी? नख जायचं न्हाई."

बांधलेलं कडं मी उतरवायला घेतलं. आगीने आतले सांधे सैल झाले होते, पण बाहेरच्या बाजूला सिमेंटने विटेला घट्ट धरलं होतं. निम्म्याहून अधिक विटा सोडवता सोडवता तुटल्या. अब्बांच्या मातीत पंचेचाळीस वर्षं बसलेल्या विटा पुरातून अख्ख्या आल्या आणि माझ्या सिमेंटमध्ये महिनाही न राहिलेल्या मोडल्या. छिन्नी हातात धरून मी बराच वेळ त्या तुकड्यांकडे बघत बसलो. अब्बांनी बांधलेलं सुटं करता येत होतं. माझं बांधणं मोडल्याशिवाय सुटत नव्हतं.

जानेवारीअखेर दुसरं कडं उभं राहिलं. या वेळी घाई केली नाही. पहिले तीन दिवस नुसती काटक्यांची तासभर आग, मग दोन दिवस शेणी, मग लाकूड. सांध्यांना बारीक भेगा पडल्या, त्या त्याच मातीने भरल्या. आतून माती लालसर होत गेली. मुलगा आला तो याच दिवसांत.

त्याच्या प्रश्नात राग नव्हता, काळजी होती. तो पाच वक्ताचा नमाजी आहे, त्याचं वाचनही चांगलं आहे. म्हणाला, "लोगां क्या बोलेंगे? उमरभर इसके खिलाफ बोले, और अब घर के पीछे अलावा?" मी म्हणालो, "ही शेकोटी आहे. मोहरमशी तिचा संबंध नाही. उद्या रताळी भाजायची आहेत." तो म्हणाला, "मालूम है. लेकिन नजर आता वैसाच." दारात उभा राहून बापाला अडवणारा तो मला दिसला आणि १९७९ ची चाँदरात आठवली. त्याची कारणं माझ्यापेक्षा वेगळी होती, आवाज तोच होता. फरक एवढाच की त्याने तो चढवला नाही, आणि आजूबाजूला लोक नव्हते.

दुसऱ्या दिवशी गावाहून फुफीला आणलं. अब्बांची धाकटी बहीण, सत्त्याऐंशी वर्षांची. गुरुजी आणि वहिनी ज्वारीची कोवळी कणसं घेऊन आले. गुरुजींनी कडं निरखून घेतलं आणि हुरड्याची बरी 'आगटी' झाली म्हणाले. चौथं नाव. निखाऱ्यांत रताळी पुरली, कणसं भाजली, हातावर चोळून हुरडा काढला. नात प्रत्येकाला मीठ आणि शेंगदाण्याची चटणी वाढत होती. माझा मुलगाही खुर्ची ओढून बसला. गोल कड्याची एक गंमत असते. कुठेही बसा, समोर कुणाचा तरी चेहरा येतोच.

फुफी शाल घेऊन बसली होती. भिंतीला टेकवलेल्या कुदळीकडे तिची नजर गेली. म्हणाली, "भाई की है ना?"

"हो," मी म्हणालो. "याच कुदळीने खणलं."

ती बराच वेळ आगीकडे बघत होती. मग सहज बोलावं तसं बोलली, "मैं पूछी थी उसकू. कुदळ क्यूं छोड्या बोलके. बोल्या, 'छोटी, बच्चा मास्तर हो गया. गाँव में उसकी बात ऊपर रहना. मैं कुदळ मारूंगा तो उसकी बात नीचे गिरेगी.'"

मी काही बोललो नाही. बोलण्यासारखं काही नव्हतं. मुलाने मान वळवून माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा आगीकडे.

मी तेव्हा जे म्हणालो ते चूक होतं असं आजही म्हणणार नाही. राखेने ताप उतरत नाही. वह्या घ्यायला हव्या होत्या. पण वाद मी जिंकला नव्हतो. मला तो जिंकू दिला गेला होता. ज्या माणसाच्या सांध्यात नख जात नव्हतं, त्याने मुलाच्या शब्दासाठी स्वतःचा मान मोकळा करून दिला, मातीच्या गाऱ्यासारखा. काही मोडू दिलं नाही. आणि मी पंचेचाळीस वर्षं त्याला माझा विजय म्हणून मिरवत राहिलो. त्या रात्री दारात आडवं होण्याआधी मी त्यांना एकदाही विचारलं नव्हतं, अब्बा, तुम्हाला त्या आगीत काय दिसतं? विचारलं असतं तर वाद मिटला नसता कदाचित. पण तो दोन माणसांमधला वाद झाला असता.

रात्री सगळे निजायला गेल्यावर मुलगा परत बाहेर आला. मी निखारे पसरवत होतो. आग विझवताना पाणी ओतायचं नाही, तापलेल्या विटा तडकतात. निखारे पसरून आपोआप विझू द्यायचे आणि तोवर जवळ बसायचं. हे मी त्याला सांगितलं. तो बसला. थोड्या वेळाने म्हणाला, "अब्बा, दादा जब कुदळ मारते थे, तब क्या बोलते थे?"

मला आठवत नव्हतं. मी तसं सांगितलं. म्हणालो, "सकाळी फुफीला विचारू."

सकाळी नात कढईभर थंड राख घेऊन कढीपत्त्याच्या बुंध्याशी टाकत होती आणि आम्ही दोघं फुफीच्या खाटेशी चहा घेऊन बसलो होतो. ती सांगत होती. मध्येच मुलाने वही मागितली. कुदळीला मी तेल लावून ठेवलं आहे. ती आता आढ्याला खोचलेली नाही, दारामागे आहे. खड्ड्याचं नाव मात्र अजून ठरलेलं नाही. येणारा जाणारा आपापलं नाव ठेवतो आणि बसतो.